गळ्यातली घंटा

वाशीच्या बाजारात एका तरुण व्यापाऱ्याची सुपारीची पेढी होती. पेढी आजोबांनी उभी केलेली. म्हातारपणी ते श्रीवर्धनला, आपल्या नारळी-पोफळीच्या वाडीत राहायला गेले होते.

एके दिवशी पेढीवर दलाल आला. म्हणाला, "शेठ, इंडोनेशियाची सुपारी आहे. सरळ न्हावा शेव्याला उतरवली तर मूळ आयात शुल्कच शंभर टक्के. लाखाच्या मालावर लाख! तीच कोलंबोला उतरवू, पोती बदलू, श्रीलंकेत पिकल्याचा दाखला घेऊ. शुल्क शून्य. दाखल्यावरचा शिक्का अगदी खरा असेल, मग भीती कसली?"

तरुण हुरळला. तरी एवढा मोठा सौदा आजोबांच्या कानावर घालावा म्हणून तो शनिवारी श्रीवर्धनला गेला. आजोबा पाटाचं पाणी पोफळींना फिरवत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि नातवाला वाडीच्या टोकाला, कुंपणातल्या एका जुन्या बेड्याशी नेलं.

"तुझे बाबा लहान होते तेव्हा हे बेडं कायम उघडं असायचं," ते म्हणाले. "शेजाऱ्याशी तशी बोली होती. त्याची गुरं आपल्या वाडीतून पऱ्ह्यावर पाण्याला जातील, आपण त्याच्या आगरातून बाजाराला जायचं. इतर कुणाचं जनावर आत शिरलं तर दंड. ओळख पटावी म्हणून शेजारी आपल्या गुरांच्या गळ्यात लाकडी घंटा बांधायचा. पुढे त्याला लोभ सुटला. चार पैसे घेऊन तो त्या घंटा परक्या गुरांनाही बांधू लागला. एका पावसाळ्यात त्यांनी पोफळीची सगळी रोपं तुडवली. मी बेडं बंद केलं."

"बरोबरच केलंत, आजोबा."

"चुकलो रे. परकी गुरं दुसऱ्या वाटेने गेली. शेजाऱ्याची म्हातारी गाय मात्र, जिचा इथून जायचा हक्कच होता, ती वैशाखात बेड्याशी उभी राहून हंबरायची. आपल्यालाही बाजार लांब पडला. बेडं उघडं ठेवून मी गुराख्याला विचारायला हवं होतं, की बाबा, हे जनावर कुठल्या गोठ्यातलं? घंटेला कसला मान? मान गोठ्याला होता."

नातू गप्प झाला. भारत आणि श्रीलंकेची बोलीही अशीच होती. 28 डिसेंबर 1998 ला करार झाला, 1 मार्च 2000 पासून अमलात आला. एकमेकांच्या ठरावीक मालावरचं शुल्क दोघांनी कमी केलं किंवा काढूनच टाकलं. या करारातली सवलत इतर देशांना नाही. पण सवलत श्रीलंकेच्या बंदरातून निघालेल्या प्रत्येक पोत्याला नाही, तिथल्या मातीत पिकलेल्या मालाला आहे. बाहेरून आणलेला कच्चा माल वापरून तिथल्या कारखान्यात वस्तू घडवली, तर तिच्या किमतीत किमान 35 टक्के भर श्रीलंकेत पडलेली असावी लागते, आणि वस्तूचं रूपही खरोखर बदललेलं असावं लागतं. परक्या देशातली सुपारी वाळवून पोती बदलली म्हणजे ती श्रीलंकेची होत नाही. उगमाचा हा नियम मला या कराराचा प्राण वाटतो. तो सुटला की सवलत दोन शेजाऱ्यांची राहत नाही, दलालांची होते, आणि श्रीवर्धनची रोठा सुपारी पिकवणारा बागायतदार आणि श्रीलंकेतला प्रामाणिक शेतकरी असे दोघेही त्यात भरडले जातात.

बेडं कसं बंद होतं, तेही सुपारीवाल्यांनी पाहिलं आहे. किलोमागे 251 रुपयांपेक्षा स्वस्त सुपारी आणायला मनाई होतीच. फेब्रुवारी 2023 मध्ये ती मर्यादा 351 रुपये झाली. ती श्रीलंकेच्या खऱ्या सुपारीलाही लागू आहे.

आणि गुराख्याला विचारायची सोयही कायद्यात आली आहे. 21 सप्टेंबर 2020 पासून नुसता दाखला पुढे करून भागत नाही. माल कुठे आणि कसा तयार झाला, उगमाची अट कशी पुरी झाली, ही माहिती आयातदाराने स्वतः जवळ ठेवायची. सीमाशुल्क अधिकाऱ्याला शंका आली तर तो ती मागतो, दाखला देणाऱ्या देशाकडेही पडताळणीला पाठवतो. दाखला टिकला नाही तर सवलत जाते आणि बुडालेलं शुल्क आयातदारालाच भरावं लागतं.

सोमवारी नातवाने दलालाला नकार कळवला. मग त्याने श्रीलंकेतल्या एका बागायतदाराला पत्र लिहिलं: बाग कुठे आहे, पीक कधी उतरवलं, कुठे वाळवलं, सगळं कळवा. उत्तराला दोन महिने लागले. पुढे माल आला, भाव मर्यादेच्या वर होता, दाखला खरा होता, आणि मूळ आयात शुल्क शून्य लागलं. ते सगळे कागद पेढीच्या कपाटात आहेत. कायद्याप्रमाणे ते पाच वर्षं जपून ठेवायचे असतात.