मुंग्यांची वाट आणि मंडळीची चाल

"ही चाल कोणी पाडली?" असे मंडळीत विचारले असता बहुधा उत्तर मिळते, "कोणी नाही, आपोआप पडली." उपासनेत जुन्या जातीप्रमाणे निरनिराळ्या बाजूंस बसावे, असा ठराव पंचांनी केलेला नसतो, पाळकांनीही तसे सांगितलेले नसते, तरी कित्येक ठिकाणी लोक तसेच बसतात. मग दोष कोणाचा? हा प्रश्न आम्हांस क्षुल्लक वाटत नाही.

मुंग्यांवर कोणी मुकादम नसतो, हे शलमोनाच्याही ध्यानात आले होते. तरी गुळाच्या ढेपेपर्यंत त्यांची रांग नीट लागते. अन्न सापडलेली मुंगी परतताना जमिनीवर वासाचा सूक्ष्म अंश सोडीत जाते; मागून येणारी त्या वासावर चालते व आपली भर घालते. जवळच्या वाटेवर फेऱ्या लवकर होतात, म्हणून तिचा वास दाट होतो. लांबच्या वाटेचा उडून जातो. उत्पन्नकर्त्याने प्रत्येकीस थोडेच दिले, आणि त्या थोड्यातून पुष्कळ घडविले.

परंतु त्याच नियमाने नाशही होतो. अमेरिकन शास्त्रज्ञ विल्यम बीब यांनी 1921 मध्ये ब्रिटिश गियानाच्या (आताच्या गयानाच्या) रानातील लष्करी मुंग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. ह्या मुंग्या जवळजवळ आंधळ्या असतात. त्यांची रांग फिरून स्वतःच्याच मागास मिळाली, व सुमारे 1,200 फूट घेराचे वर्तुळ झाले. एका फेरीस अडीच तास लागत. प्रत्येकीने पुढचीचा माग इमानाने धरिला, आणि वाटेवर प्रेते पडू लागली. दोन दिवसांनी काही थोड्या मुंग्या रांगेबाहेर भरकटल्या, तेव्हा ते चक्र मोडले.

मुंगीस आम्ही दोष देत नाही. तिला वर्तुळ दिसत नव्हते. "मी तर इतरांमागे बसलो" असे म्हणणाऱ्या भावाची गोष्ट निराळी. त्याला ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सारे दिसते. शिवाय तो नुसता मागे गेला नाही. पुढच्या रविवारी येणाऱ्या लेकरासाठी त्यानेही वाटेवर वास ठेविला. चालीचा कर्ता कोणी एक सापडत नाही, हे खरे. म्हणून दोष नाहीसा झाला असे नव्हे, तो वाटला गेला आहे. वाटणीने दोष हलका होतो, असे आम्हांस शास्त्रात कोठे आढळले नाही.

वास मात्र वारंवार घालावा लागतो, नाही तर उडतो. एखादा वडील सहकुटुंब दुसऱ्या बाजूस जाऊन बसला, तर प्रथम कुजबुज होईल, आणि कदाचित त्याच्याजवळची जागा रिकामी राहील. त्याने पुढच्या रविवारीही तेथेच बसावे.