न दिसणारी भिंत

मागील पावसाळ्यात आमच्या वाचनालयात एक साधाच प्रसंग घडला. एक वयोवृद्ध सभासद संगणकावर टंकलेला आपला लेख कार्यालयातील प्रिंटरवर छापू पाहत होते. प्रिंटर चालू होता, तार शाबूत होती, कागदही भरलेला होता. पण त्यांच्या संगणकाला तो सापडेचना. तास-दीड तास खटपट करून "आता हे आमच्याच्याने व्हायचे नाही" असे म्हणत ते घरी गेले. चूक त्यांची नव्हती. आठवड्यापूर्वी आमच्या कार्यकारिणीनेच वाचकांचे आणि कार्यालयाचे संगणक वेगळे केले होते, आणि ते कोणाला सांगण्याची गरज आम्हांस वाटली नव्हती.

वेगळे केले म्हणजे तार हलविली नाही. कपाटातील स्विचला एवढीच आज्ञा दिली की, २४ पोर्टांपैकी पहिली १६ वाचकांच्या गटात, उरलेली कार्यालयाच्या. नवा स्विच आणला की बहुधा त्याची सारी पोर्टे गट क्रमांक १ मध्येच असतात. 'अमुक पत्ता कोणाचा?' अशी हाक एका संगणकाने दिली की ती सर्वांच्या दारी जाते. गट पाडल्यावर ती हाक गटापुरती उरते. पलीकडे जायचे तर राउटरमार्गे, त्याच्या नियमांनी. यालाच आभासी लॅन किंवा व्हीलॅन म्हणतात. १९९८ साली 'आयईईई ८०२.१क्यू' या नावाने त्याचे प्रमाण ठरले. त्यात माहितीच्या प्रत्येक पुडक्याला ४ बाइटांची चिठ्ठी लागते. गटक्रमांकासाठी तीत १२ बिट असल्याने ४०९६ क्रमांक होतात. दोन राखीव, वापरावयास ४०९४.

या चिठ्ठीनेच आम्हांस विचारात पाडले. दोन स्विचांना जोडणाऱ्या सामाईक तारेवर, म्हणजे ट्रंकवर, ती लावलेली असते. संगणकाकडे पुडके सोपविण्यापूर्वी स्विच ती काढून घेतो. ज्याची वर्गवारी झाली, त्यालाच तिचा पत्ता नसतो.

जुन्या वाड्यांतही आडपडदे होतेच. ओसरीवरच्या पाहुण्याने माजघरात जाऊ नये, हे त्याला उंबरठा सांगत असे. त्यातल्या कित्येक मर्यादा अन्याय्य होत्या, याबद्दल आम्हांस शंका नाही. पण उंबरठा दिसत होता, म्हणून त्याच्याशी भांडता येत होते. दिसणारी भिंत आडवी आली तर मनुष्य भिंतीवर रागावतो. न दिसणारी आडवी आली तर स्वतःवर.

विभागणी नकोच, असे आम्ही म्हणत नाही. देणगीदारांचे पत्ते आणि संस्थेचे हिशेब एका बाजूला, कोणाच्याही पेन ड्राइव्हमधून येणारे विषाणू दुसऱ्या बाजूला, हे योग्यच आहे. "सांगितले तर खोडसाळांना आयतेच फावेल," असे एका सहकाऱ्याचे म्हणणे पडले. आम्हांस ते पटले नाही. संरक्षण राउटरच्या नियमात आहे, वाचकांच्या अज्ञानात नाही. आणि अज्ञानावरच ते टिकून असेल, तर ती व्यवस्था कच्चीच म्हणावी लागेल. खरे तर आम्ही सांगितले नाही ते सुरक्षेसाठी नव्हे, आळसाने.

आता वाचकांच्या संगणकांवर एक कागद डकविला आहे: येथून काय दिसेल, काय दिसणार नाही, अडल्यास कोणाला विचारावे. राउटरवर प्रिंटरपुरती वाटही उघडली आहे. ते सभासद मात्र अद्याप संगणकाकडे फिरकलेले नाहीत. या अंकासाठीचा लेख त्यांनी हातानेच लिहून दिला आहे.