‘विकत घ्या’ म्हणजे नेमकं काय?

2023च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या प्लेस्टेशनधारकांना सोनीने कळवलं की, डिस्कव्हरीचे जे कार्यक्रम तुम्ही विकत घेतलेत, ते 31 डिसेंबरपासून तुमच्या लायब्ररीतून काढले जातील. कारण परवान्याचा करार. हे कार्यक्रम भाड्याने घेतलेले नव्हते. लोकांनी ‘विकत घ्या’ असं बटण दाबून त्याचे पैसे मोजले होते. बरीच आरडाओरड झाली, करार बदलला आणि कार्यक्रम राहिले. 2022मध्ये जर्मनी-ऑस्ट्रियातल्या ग्राहकांनाही स्टुडिओकनालच्या चित्रपटांबाबत अशीच सूचना मिळाली होती.

गंमत म्हणजे टीव्हीखालचा हा डबा कधीकाळी मालकीचं यंत्र होता. 2000 साली आलेल्या प्लेस्टेशन 2वर गेम खेळता यायचे, तशा डीव्हीडीही बघता यायच्या. डीव्हीडीवर चरे पडत, ती हरवे. पण कंपन्यांमधला करार संपला म्हणून कुणी ती कपाटातून उचलून नेत नसे. ती मित्राला देता यायची, जुन्या बाजारात विकता यायची. मालकीची ही माझी साधी कसोटी आहे: जी गोष्ट मी दुसऱ्याला देऊ शकत नाही, ती माझी कशी?

यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘अटी वाचायच्या होत्या. तिथे परवाना असंच लिहिलंय.’ कायद्याने हे बरोबर असेल. नैतिकदृष्ट्या मला ते पटत नाही. मी सॉफ्टवेअर लिहितो. बटणावरचा शब्द म्हणजे कोडमधली एक ओळ, बदलायला मिनिटभर पुरतं. पण तो शब्द सहज पडलेला नसतो. कोणता शब्द लिहिला की जास्त लोक बटण दाबतात, हे आमच्या क्षेत्रात मोजलं जातं. म्हणजे वाचणारा त्यातून काय समजेल, हे लिहिणाऱ्याला आधीच माहीत असतं. ऐकणारा काय समजणार हे ठाऊक असताना त्याला तसंच समजू देणं आणि खरा अर्थ चाळिसाव्या परिच्छेदात ठेवणं, याला सावधगिरी म्हणता येईल. प्रामाणिकपणा म्हणता येणार नाही.

माझी तक्रार स्ट्रीमिंगबद्दल नाही. महिन्याचं सबस्क्रिप्शन हे भाड्याच्या घरासारखं असतं: पैसे थांबले की किल्ली परत. त्यात फसवणूक नाही, कारण दोघांनाही व्यवहार ठाऊक असतो. फसवणूक तेव्हा होते, जेव्हा भाडेकराराला खरेदीखत म्हटलं जातं आणि किंमतही खरेदीची घेतली जाते.

कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025पासून यावर कायदा आहे. डिजिटल वस्तू पुढे काढून घेता येणार असेल, तर हा फक्त परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘विकत घ्या’ म्हणता येत नाही. कायदा चित्रपट काढून घेणं थांबवत नाही. तो फक्त खरं बोला म्हणतो. काहींना हे फारच थोडं वाटतं. मला वाटतं, सुरुवात इथूनच होऊ शकते. ‘परवाना घ्या’ असं लिहिलं तर तेवढेच पैसे द्यायचे का, हे ग्राहक स्वतः ठरवेल. आज त्याला तो प्रश्न पडूच नये अशी सोय बटणावरच्या दोन शब्दांनी केलेली आहे.

आणि ते दोन शब्द टाइप करणारी माणसं आमच्यासारखीच असतात. शब्द वरून ठरून आला, हे खरं. तरी ‘हे विकत घेणं नाहीये’ एवढं मीटिंगमध्ये म्हणायला कुणाचीच परवानगी लागत नाही.