दानाची मोटार व सोडतीचे तिकीट

सन १९६४ च्या डिसेंबरात पोप सहावे पौल मुंबईस आले. वापरावयास भेट मिळालेली लिंकन मोटार त्यांनी जातेवेळी मदर तेरेसा ह्यांस दिली. त्यांनी ती सोडतीस लाविली व आलेला पैसा महारोग्यांच्या शांतिनगर वसाहतीकडे लाविला. कार्य उत्तम, ह्यात शंका नाही. परंतु तिकीट घेणारा दाता होय काय? आमच्या नगर जिल्ह्यातील मंडळ्यांत हंगामाच्या सणास भोपळ्याचा लिलाव होतो. तेथे मनुष्य मोलाहून अधिक देतो. तिकीटवाला थोडके देऊन पुष्कळ इच्छितो. महारोग्यास छप्पर दोघांच्याही पैशाने मिळेल; तथापि आम्ही पहिल्यासच दाता म्हणू. प्रिय वाचकहो, पुढल्या सणास बोली करिताना हा भेद ध्यानी असावा.