दाराबाहेरचा बोका

मागच्या वर्षी आमच्या मनीची तीन पिल्लं गेली. ती माझ्या विश्वासापायी गेली, असं मला आजही वाटतं.

मंगरुळपीर तालुक्यात आमचं गाव. कंपनी पुण्याची, पण महिन्यातले दोन आठवडे मी घरून काम करतो. दिवस सोयाबीनच्या सोंगणीचे होते. मनी कोठ्यातल्या कुटारात व्याली. आजीनं पहिल्याच दिवशी बजावलं, "गब्याले कोठ्यात जाऊ देऊ नको. बोका हाये तो."

गब्या २०२०च्या लॉकडाऊनमध्ये सापडला होता. पावसात भिजलेला, मुठीएवढा. सिरिंजनं दूध पाजून मी त्याला वाढवला. माझ्या लॅपटॉपच्या गरम चार्जरवर डोकं ठेवून तो झोपतो. मी आजीला म्हटलं, "आपला गब्या तसा नाही."

सहाव्या दिवशी सकाळी दोन पिल्लं कुटारावर मेलेली दिसली. तिसरं सापडलंच नाही. मनी तीन दिवस कोठाभर ओरडत फिरली. गब्या अंगणातल्या टाक्यावर बसून रोजच्यासारखे पंजे चाटत होता. त्याला कुणीही काही करताना पाहिलं नव्हतं. बाहेरचा बोका असेल, मुंगूस असेल, कुत्रं असेल. बाबांना मात्र पुराव्याची गरज वाटली नाही. ते म्हणाले, "पोत्यात घालून नदीपार सोडून येतो."

मी नाही म्हटलं. कारण विचारलं तेव्हा मला फक्त कायदा आठवला. प्राण्याला उपाशी मरायला सोडून देणं हा १९६०च्या कायद्यानं गुन्हा आहे, असं काहीतरी बोललो. खरं कारण वेगळं होतं. पोत्यात घालायचंच असेल तर आधी मला घालायला हवं होतं. आजीनं सांगितलं होतं, ऐकलं नव्हतं मी.

या वर्षी मनीला चार पिल्लं झाली. या खेपेला मला आधीच ठरवायचं होतं: ज्यानं काही केल्याचं सिद्ध झालेलं नाही, त्याच्यावर दार बंद करायचा मला अधिकार आहे का?

बोका पिल्लं का मारतो, याबद्दल गावात दोन उत्तरं मिळतात. एक, भुकेनं. दोन, बोक्याची जातच तशी. तिसरं उत्तर आमच्या कौलांवर उड्या मारणाऱ्या वानरांकडून आलं आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला युकिमारू सुगियामा हे जपानी अभ्यासक धारवाडजवळच्या वानरांचं निरीक्षण करत होते. बाहेरच्या नरांनी कळपावर हल्ला केला, जुन्या हुप्प्याला हुसकावलं, आणि नव्या हुप्प्यानं कळपातली पिल्लं मारली. गर्दीमुळे प्राण्यांचं डोकं फिरलं असेल, असं तेव्हा काही जणांना वाटलं. पुढे सारा हर्डी यांनी राजस्थानात अबूच्या वानरांवर काम केलं आणि १९७७च्या पुस्तकात वेगळा अर्थ मांडला. मारली जाणारी पिल्लं आधीच्या नराची असतात. दूध पिणारं पिल्लू गेलं की मादी लवकर माजावर येते आणि नव्या नराची संतती लवकर जन्मते. हे पिसाळणं नाही. पिढ्यान्‌पिढ्या फायद्याचं ठरलेलं वागणं आहे.

मांजरांबाबतही हेच कारण सांगितलं जातं. पण सगळेच बोके मारत नाहीत. बरेचसे ढुंकून बघत नाहीत, काही तर पिल्लांना चाटतात. एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात, त्यामुळे बाप कोण यावर विसंबूनही चालत नाही. गब्या यातला कोणता, हे कळायचा एकच मार्ग होता: दार उघडं ठेवून बघणं. तो प्रयोग मी एकदा केला होता.

हे वाचून माझा गब्यावरचा राग गेला. राग धरायला समोर कुणीतरी असं लागतं, जो वेगळं वागू शकला असता. बोक्याला ते जमत नाही. तो निर्दोष आहे असंही म्हणता येत नाही, कारण दोष हा शब्दच त्याला लागू होत नाही. पण त्याच्या हातून होणारं मरण पिल्लांसाठी खरं असतं. जन्मतात तेव्हा त्यांना ना दिसतं, ना ऐकू येतं. डोळे उघडायला आठवडा ते दोन आठवडे लागतात. पळता येत नाही तोवर त्यांच्या वतीनं कुणीतरी संशय घ्यायलाच हवा.

म्हणून धान्याची खोली रिकामी केली. कट्टे ओसरीवर आले. खोक्यात आजीचं जुनं लुगडं अंथरलं, खिडकीला जाळी ठोकली, कडी घट्ट केली. आजीची एकच अट होती, पिल्लांना सारखा हात लावायचा नाही, नाहीतर मनी त्यांना सात घरं फिरवेल. मनीसाठी वेगळी फट ठेवता येईना, कारण जिथून ती जाईल तिथून गब्याही जाईल. मग तिनं दार खरवडलं की उठून उघडायचं, ती परतली की पुन्हा कडी. रात्री दोनला, पहाटे साडेचारला. सकाळच्या मीटिंगमध्ये माझा कॅमेरा बंद असायचा.

आणि दाराबाहेर गब्या. तो ओरडायचा नाही. उंबऱ्याशी बसून फटीतून वास घ्यायचा. त्या खोलीत तो रोज झोपायचा. आता ती का बंद झाली, हे त्याला समजावणारी भाषा माझ्याकडे नव्हती. आजी जाता-येता म्हणायची, "बोका तो बोकाच."

हे वाक्य मी आधीही ऐकलं होतं, फक्त त्यात बोका नव्हता. आमच्या शाळेत फासेपारध्यांच्या बेड्यावरचा एक मुलगा होता. वर्गात कंपास हरवला, पैसे हरवले, की पहिलं दप्तर त्याचं उघडायचं. एकदाही काही निघालं नाही, तरी पुढच्या वेळी पहिलं दप्तर त्याचंच. मी दुसऱ्या बाकावरून बघत असे. ही सवय शाळेनं शोधलेली नव्हती. इंग्रजांनी १८७१मध्ये कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या होत्या. नोंदणी, हजेरी, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. तो कायदा १९५२मध्ये गेला, पण दप्तर उघडणारे हात राहिले. त्यांचा युक्तिवादही हाच होता: प्रत्येक जण करेलच असं नाही, पण करू शकतो, मग आधीच दार लावा.

मग माझ्या कडीत आणि त्या कायद्यात फरक काय? बरेच दिवस मला नीट उत्तर देता आलं नाही. आता जमेल तेवढं देतो.

माणसाला विचारता येतं. त्याला नियम कळतो, तो शब्द देऊ शकतो, पाळू शकतो, मोडला तर जाब देऊ शकतो. म्हणून माणसाला त्याच्या करणीवरूनच जोखायचं. त्याला जातीवरून जोखणं म्हणजे तो बोलू शकतो हेच नाकारणं. बोक्याशी हा मार्ग मुळातच बंद आहे. दुसरं म्हणजे मुदत. पिल्लं आठ-नऊ आठवड्यांची होईपर्यंतच कडी लागणार होती. त्या मुलाच्या दप्तराला मुदत नव्हती. तिसरं, किंमत कोण मोजतं? सावधगिरीचा सगळा त्रास ज्याच्यावर संशय आहे त्याच्याच अंगावर टाकला, तर ती शिक्षाच होते, मग तिला काहीही नाव द्या. म्हणून जागरण माझं. गब्याला रात्री माझ्या खाटेवर जागा, जेवण आधी त्याला.

तरीही एक गोष्ट सलते. मी त्याला अकोल्याला नेऊन नसबंदी करून आणली. डॉक्टरांनी सांगितलं की शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे शरीरात संप्रेरकं राहतात, म्हणून लगेच दार उघडू नका. स्वभाव निवळतो, पण खात्री कुणी देत नाही. यात गब्याची संमती नव्हती. त्याच्या भल्याचंच केलं, असं म्हणायचा मोह होतो. मारामाऱ्या कमी होतात, भटकणं कमी होतं, हे खरंही आहे. पण मी ते मुख्यतः पिल्लांसाठी केलं, आणि त्याच्या शरीरावर केलं. ही बाजू झाकून ठेवावी असं वाटत नाही.

दहाव्या आठवड्यात आम्ही दार उघडलं. मी मध्ये बसलो, हाताशी जाडसर टॉवेल. गब्या आत आला, एका पिल्लाचा वास घेतला. पिल्लू फिस्कारलं. तो दोन पावलं मागे सरला, वळला आणि माझ्या चार्जरवर जाऊन झोपला.

बाबा म्हणाले, "पाय, उगीच इतके दिवस जागला." ते बरोबर असतील. नसतीलही. आमच्या कामात हे नेहमीचं आहे. एखादी तपासणी लावली आणि सर्व्हर कोसळला नाही, तर ती गरजेची होती की नाही हे कुणालाच सिद्ध करता येत नाही. बंद दारानं पिल्लं वाचवली असतील, पण गब्यानं ती मारली असती असं ते दार सांगत नाही. म्हणून मागच्या वर्षीच्या पिल्लांबद्दल कुणी त्याचं नाव घेतलं की आता मी स्वतःचं घेतो. त्याच्याबद्दल मला ठाऊक नाही, माझ्याबद्दल आहे.

काल आजीनं चारही पिल्लं उचलून पाहिली. दोन पाटी, दोन बोके. त्यातल्या एका बोक्याला मांडीवर घेऊन ती म्हणाली, "याचं काय करतं मंग?"

ज्याच्यासाठी मी अडीच महिने जागलो, तो वर्षभरात कुणाच्या तरी दाराबाहेर बसलेला असेल. मी मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये दोघांच्याही शस्त्रक्रियेची तारीख टाकली. तोवर ते पिल्लू आजीच्या लुगड्याचा काठ चावत होतं.