अंगठ्याची किंमत

बोटांत स्नायू नसतो, हे कितीजणांना ठाऊक? बोटं वळवणारे मोठे स्नायू कोपराखाली, थोडे बारके तळव्यात. कोपराखालून दोऱ्या निघतात, मनगटाच्या अरुंद बोळातून जातात अन् बोटांच्या हाडांना धरतात. मूठ आवळा, दुसऱ्या हातानं कोपराखाली चाचपा. कळेल. दंडापासून बोटांच्या टोकापर्यंत हाडं ३०. अंगठ्याला पेरं दोनच, पण तो बाकी चौघांसमोर येतो म्हणून तुटलेल्या सुताला गाठ बसते.

मग अंगठा सुरू कुठं होतो? १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यानं हिशोबच लावला: अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली, तर्जनी १४, मधलं बोट १२. खाटकाच्या दुकानासारखा भाव. द्रोणानं एकलव्याला तेवढाही दिला नाही, तेही खरंच.

पण माणसाचे तुकडे पाडायची रीत कायद्याआधीची. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना कताईत घेत, विणकाम खात्यात नाही. धोट्यातलं सूत तोंडानं ओढावं लागे, थुंकी लागे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला. म्हणजे हात चालतो, तोंड चालत नाही. आता बघा, बोटाला स्नायू लागतो, स्नायूला मज्जातंतू, अन् हाताच्या मज्जातंतूंची मुळं निघतात मानेतून. त्या विटाळलेल्या तोंडाच्या वीतभर खाली.