अपघातानंतरचे लांब दिवस



३० मे १८९६ रोजी न्यूयॉर्क शहरात ड्युरिया बनावटीच्या एका मोटारगाडीची सायकलवरून जाणाऱ्या एका स्त्रीशी टक्कर झाली. तिच्या पायाचे हाड मोडले. तिला इस्पितळात नेण्यात आले आणि चालकाला ती रात्र पोलीस कोठडीत काढावी लागली. अमेरिकेतला मोटारीचा पहिला अपघात म्हणून बहुधा हीच घटना सांगितली जाते. पुस्तकांत तारीख सापडते, गाडीची बनावट सापडते, चालकाचे नावही सापडते. त्या बाईने मोडका पाय घेऊन पुढचे महिने कसे काढले असतील, याचा विचार मात्र वाचणाऱ्याच्या मनात येत नाही. अपघात क्षणात घडतो, म्हणून त्याची बातमी होते. बरे होणे महिनोन्‌महिने चालते, त्याची बातमी होत नाही.

आपल्या देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. मृतांसाठी आपण मिस्सा अर्पण करतो, महिन्याचा दिवस पाळतो, वर्षाचा पाळतो. जखमींसाठी असा दिवस नाही. पहिल्या आठवड्यात घर माणसांनी भरलेले असते, फळांच्या पिशव्या येतात. तिसऱ्या आठवड्यापासून उंबऱ्यावर कोणी दिसत नाही. माणूस खाटेवर, सायकल पडवीत वाकड्या चाकाने भिंतीला टेकलेली, आणि दिवस संपता संपत नाही. आजाऱ्यांना कम्युनियन देण्यासाठी आम्ही घरोघरी जातो तेव्हा अशा खाटांपाशी तीन प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकतो. त्यांचा आज शांतपणे विचार करू या.

पहिला प्रश्न असा : “फादर, ही देवाची इच्छा होती का?”

भेटायला येणारी माणसे या प्रश्नाचे उत्तर फार लवकर देऊन टाकतात. कोणी म्हणते, देव परीक्षा पाहतो. कोणी म्हणते, काहीतरी चुकले असेल. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ऐकणाऱ्याच्या दुखऱ्या पायावर ते आणखी एक ओझे होते.

अ‍ॅरिस्टॉटल या ग्रीक तत्त्वज्ञाने योगायोगाचा विचार करताना एक साधे उदाहरण दिले आहे. एक माणूस आपल्या कामासाठी बाजारात जातो आणि तिथे त्याला त्याचा ऋणको भेटतो. दोघेही आपापल्या कारणाने आलेले असतात. भेट मात्र कोणी ठरवलेली नसते. रस्त्यावरची टक्करही पुष्कळदा अशीच असते. सायकलवाला सकाळच्या पाळीला निघालेला, मोटारवाला मुलाला शाळेत सोडायला निघालेला. दोघांच्याही प्रवासाला कारण आहे, टक्करीला हेतू नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी हाच धागा पुढे नेला. देवाची देखरेख साऱ्या जगावर आहे, तरी त्यामुळे जगातला योगायोग नाहीसा होत नाही, असे त्यांनी मांडले. देवाने निर्माण केलेल्या जगात वेगाला वेगाचे आणि लोखंडाला लोखंडाचे नियम लागू आहेत. गाडी ज्याच्या अंगावर येते तो इतरांपेक्षा पापी आहे, असे त्यातून निघत नाही.

प्रभू येशूसमोर हाच प्रश्न आला होता. शिलोह येथील बुरूज कोसळून अठरा माणसे दगावली होती. ती यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा अधिक अपराधी होती काय? प्रभूने स्पष्ट ‘नाही’ म्हटले. अपघाताला शिक्षेचा अर्थ देऊ नका, उलट स्वतःच्या जीवनाकडे पाहा, असा त्या बोलण्याचा रोख आहे. म्हणून खाटेपाशी बसताना ‘का झाले’ याचे उत्तर आपल्या खिशात आहे असे भासवू नये. ‘आता काय हवे’ एवढे विचारावे.

दुसरा प्रश्न : “दोष कोणाचा?”

योगायोग म्हटले म्हणजे दोष संपला, असे नव्हे. दोन माणसे एकाच वेळी चौकात आली हा योगायोग, पण त्यांतला एक जण मोबाइलवर बोलत होता, ही त्याची निवड आहे. आरशात न पाहता दार उघडणे, वळताना सिग्नल न देणे, दारू पिऊन चाकामागे बसणे, या गोष्टी नशिबाच्या खात्यात टाकता येत नाहीत. सायकलवाल्याचीही कर्तव्ये आहेत. उलट्या दिशेने येऊ नये, अंधारात दिव्याशिवाय निघू नये.

पण दोन्ही बाजूंची कर्तव्ये सारख्याच वजनाची आहेत का? सायकलवाल्याची चूक बहुधा त्यालाच भोवते. हजार किलोच्या गाडीतल्या माणसाची चूक दुसऱ्याला भोवते. ब्रिटनमधल्या वाहतुकीच्या नियमपुस्तिकेत जानेवारी २०२२ पासून हे तत्त्व लिहून ठेवले आहे : ज्याच्या हातून अधिक इजा होऊ शकते, त्याच्यावर इतरांचा धोका कमी करण्याची अधिक जबाबदारी. नेदरलँड्समध्ये तर मोटारीची सायकलस्वाराशी टक्कर झाली, की भरपाईचा भार कायद्याने मुळात मोटारीच्या बाजूवरच येतो आणि सायकलस्वार चौदा वर्षांखालील असेल तर जवळजवळ नेहमीच पूर्ण भरपाई द्यावी लागते. इथे सायकलवाला सदैव निर्दोष असतो असे म्हणणे नाही. ज्याच्या हाती बळ, त्याच्या शिरी काळजी, हा साधा नैतिक विचार आहे. घरात लहान मूल रांगत असेल तर पाऊल आपणच जपून टाकतो, मुलाला नियम शिकवत बसत नाही.

आणि ज्याची काहीच चूक नव्हती, अशा चालकाचे काय? बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाने १९७६ साली असाच एक ट्रकचालक डोळ्यांसमोर आणला होता. त्याचा दोष नसताना एक मूल त्याच्या गाडीखाली येते. लोक त्याला समजावतात, तुझी चूक नव्हती. ते खरेच असते. तरीही त्याला काहीच वाटले नाही आणि तो तसाच पुढे निघून गेला, तर आपल्याला त्याची भीती वाटेल. दोष नसला तरी ‘हे माझ्या हातून घडले’ ही टोचणी माणुसकीची खूण आहे. म्हणून चालकालाही बरे व्हायचे असते, हे आपण विसरतो. त्याचीही झोप गेलेली असते. जखमीच्या घरी जावे असे त्याला वाटते, पण वकील अडवतात, नातेवाईक अडवतात, आणि गल्लीतली तरुण मंडळी काय करतील याची भीती असते. अशा वेळी शेजाऱ्यांतल्या एखाद्या वडीलधाऱ्याने मध्ये पडून त्याला त्या घरी न्यावे. “कसे आहात?” एवढे विचारले तरी दोन्ही घरांत त्या रात्री थोडी झोप लागेल.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे : “मी क्षमा केली, म्हणजे आता दावा मागे घ्यायचा का?”

हा प्रश्न भाविक माणसेच विचारतात आणि कधी कधी त्यांच्या भाविकपणाचा फायदा घेतला जातो. “तुम्ही देवाधर्माची माणसे, कोर्टकचेरी कशाला? आपसांत मिटवू या,” असे कोणीतरी सांगते, चार-पाच हजार रुपये हातावर ठेवते आणि कागदावर सही घेते. गुडघ्याची खरी अवस्था तोवर डॉक्टरांनाही कळलेली नसते. दोन महिन्यांनी दुसरी शस्त्रक्रिया निघते तेव्हा पैसे देणारा ओळख दाखवत नाही.

क्षमा आणि भरपाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्षमा म्हणजे मनातला सूड सोडून देणे, त्या माणसाचे वाईट न चिंतणे. भरपाई म्हणजे मोडलेले पुन्हा उभे करणे. पहिली गोष्ट आपण देतो, दुसरी आपल्याला येणे असते. पोप दुसरे जॉन पॉल यांच्यावर १३ मे १९८१ रोजी गोळ्या झाडल्या गेल्या. चारच दिवसांनी त्यांनी इस्पितळातून हल्लेखोराला क्षमा केल्याचे जाहीर केले. १९८३च्या डिसेंबरात तुरुंगात जाऊन ते त्याला भेटले. तरीही तो पुढची अनेक वर्षे इटलीच्या तुरुंगात होता आणि त्याला माफी मिळाली ती २००० साली. क्षमा तत्काळ झाली, न्यायाने आपला वेळ घेतला, दोन्हींत विरोध आला नाही. तो हल्ला जाणूनबुजून केलेला होता, अपघात नव्हे. पण तिथे जर क्षमा आणि न्याय शेजारी नांदू शकतात, तर आपल्या चौकातल्या टक्करीत का नांदू नयेत?

शिवाय भरपाई बहुतेक वेळा चालकाच्या मुलाबाळांच्या तोंडातला घास काढून घेत नाही. तिसऱ्या पक्षाचा विमा आपल्या कायद्याने सक्तीचा आहे, तो याचसाठी. एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या तरतुदीनुसार, चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यू झाल्यास पाच लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास अडीच लाख रुपये मागता येतात. जो घर चालवत होता आणि आता चार महिने खाटेवर आहे, त्याने हा हक्क सोडणे म्हणजे पुष्कळदा आपल्या बायकोमुलांवर अन्याय करणे होय. स्वतःपुरता त्याग करण्याचा अधिकार माणसाला आहे. दुसऱ्याच्या ताटातले देऊन टाकण्याचा नाही.

पण मागायचे ते खरे मागावे. बिले फुगवणे, परवाना असलेल्या दुसऱ्याच माणसाला चालक म्हणून उभे करणे, न झालेली दुखापत कागदावर आणणे, या गोष्टी आपल्या आसपास घडतात आणि ‘सगळेच करतात’ म्हणून चालून जातात. ती चोरी आहे. अपघाताने हाड मोडले, पण खोटेपणाने माणूस मोडेल, तर मिळालेल्या पैशाचा काय उपयोग?

आता बरे होण्याविषयी थोडे. हाड जुळल्याचा एक्स-रे हाती आला म्हणजे माणूस बरा झाला, असे घरचे समजतात. तसे नसते. सायकलवरून पडणाऱ्यांचे गळ्याजवळचे हाड पुष्कळदा मोडते. ते काही आठवड्यांत जुळू लागते, पण खांदा पूर्वीसारखा वर जायला व्यायाम लागतो आणि तो दुखतो. डोक्याला मार लागला असेल तर कित्येक दिवस आवाज सहन होत नाही, झोप उडते, चिडचिड होते. बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून ‘नाटक करतो’ असे म्हटले जाते. मागून हॉर्न वाजला की छातीत धस्स होते. ज्या रस्त्यावरून वीस वर्षे गेला तो रस्ता ओलांडायला पाय उचलत नाही. ही भित्रेपणाची लक्षणे नाहीत, जखमेचाच भाग आहेत, आणि त्यांच्यासाठीही डॉक्टरांकडे जायला संकोच करू नये.

संत इग्नेशियस यांचा पाय २० मे १५२१ रोजी पँप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने मोडला. हाड नीट बसले नाही म्हणून पुन्हा मोडून बसवावे लागले. वर आलेला हाडाचा तुकडा त्यांनी कापून घेतला, कारण पायात बूट नीट बसावा ही हौस अजून सुटली नव्हती. महिनोन्‌महिने ते लोयोलाच्या घरी पडून होते. हव्या त्या शूरवीरांच्या कथा घरात नव्हत्या, म्हणून मिळाली ती ख्रिस्तचरित्राची आणि संतचरित्रांची पुस्तके त्यांनी वाचली. त्यांचे जीवन तिथे पालटले, हे आपण दर ३१ जुलैला ऐकतो. पण त्यांचे लंगडणे कायम राहिले, हे क्वचितच ऐकतो. बरे होणे म्हणजे पूर्वीसारखे होणे, असे नेहमीच घडत नाही. जे उरले आहे त्याच्यासह पुन्हा उभे राहणे, हेही बरे होणेच आहे. आणि ज्याला ते अजून जमलेले नाही, त्याला इग्नेशियसचे उदाहरण टोचून दाखवू नये. त्याच्या हातात कोणी पुस्तक ठेवायला आले होते का, हे आधी पाहावे.

म्हणून या आठवड्यात आपण काही गोष्टी करू या. आपल्या समूहात अपघातातून उठत असलेला कोणी असेल, तर तिसऱ्या आठवड्यानंतर जाणाऱ्यांची पाळी लावावी. व्यायामासाठी न्यायला स्कूटर, रेशन आणायला एखादा तरुण, दुपारी पत्ते खेळायला एखादा मित्र, एवढे पुरते. रस्त्यात कोणी पडलेला दिसला तर थांबावे. जखमीला मदत करणाऱ्याला पोलीस वा इस्पितळ त्रास देऊ शकत नाही, अशी तरतूद २०१९च्या दुरुस्तीने कायद्यात आली आहे. त्यामुळे ‘नसती भानगड’ ही सबब आता उरलेली नाही. आणि ज्यांच्याकडे मोटार आहे त्यांनी चालकाच्या बाजूचे दार डाव्या हाताने उघडायची सवय लावावी. तसे केले की अंग आपोआप मागे वळते आणि मागून येणारी सायकल दिसते.

सध्या खाटेवर असलेल्या आपल्या बंधुभगिनींची नावे ऑफिसात द्यावीत. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेत आपण त्यांच्यासाठी आणि त्यांना धडकलेल्या चालकांसाठीही प्रार्थना करू.

प्रभूमध्ये तुमचे,
धर्मगुरू